आगीआधीचा हिशेब

कापडाच्या एका दुकानात 20 लाखांचा माल आहे आणि मालकाने विमा काढलाय 10 लाखांचा. एका रात्री शॉर्टसर्किट होतं, 4 लाखांचा माल जळतो. पॉलिसी 10 लाखांची आणि नुकसान चारच लाखांचं, म्हणजे सगळे पैसे मिळणार असं कुणालाही वाटेल. मिळतात 2 लाख! निम्म्याच मालाचा विमा काढला, म्हणजे उरलेल्या निम्म्याची जोखीम मालकाने स्वतःच्या डोक्यावर घेतली. म्हणून जळालेल्या प्रत्येक ठाणातलं अर्धं नुकसान त्याचं. या नियमाला विम्याच्या धंद्यात ‘ॲव्हरेज’ म्हणतात.

हा हिशेब आग लागण्याआधी मांडून दाखवणं हे विमा ब्रोकरचं काम. एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर ब्रोकर ग्राहकाचा. तो अनेक कंपन्यांच्या पॉलिसी तपासतो, अटींवर घासाघीस करतो, क्लेमच्या वेळी ग्राहकाच्या बाजूने बोलतो. त्याचं कमिशन मात्र सहसा विमा कंपनीकडून येतं. पैसा एकाकडून घ्यायचा आणि बाजू दुसऱ्याची राखायची, ही तारेवरची कसरत कायद्याने त्याच्यावर सोपवली आहे. ती कुणाच्याही हाती सोपवून कसं चालेल?

म्हणूनच वाट परीक्षेतून जाते. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार ब्रोकर संस्थेच्या प्रमुख अधिकाऱ्याला 100 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मग पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ग्राहकांसाठी विमा मिळवून देणाऱ्या त्याच्या सहकाऱ्यांनाही हेच लागू. या क्षेत्रात मुरलेल्यांना 50 तास पुरतात. ब्रोकर म्हणून नोंदणी मात्र एकट्यादुकट्या माणसाची होत नाही, ती कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) किंवा सहकारी संस्थेची होते. कागद संस्थेच्या नावाचा, पण ज्ञान माणसांच्या डोक्यात हवं, असा हा बंदोबस्त.

या अभ्यासाची मुळं किती खोल जातात, हे पाहून थक्क व्हायला होतं. 1760 मध्ये सुमात्रा बेटावरचा इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो फ्रेंचांनी जिंकला. तिथल्या गव्हर्नर कार्टरने परकी हल्ल्याविरुद्ध आधीच विमा काढला होता. किल्ला दुबळा आहे हे त्याने लपवलं, असं म्हणत विमेकऱ्याने पैसे नाकारले. 1766 मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितलं की विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी पराकोटीचा प्रामाणिकपणा हवा, आणि निकाल दिला कार्टरच्या बाजूने! लपवाछपवीला जागा नाही, पण जे विमेकऱ्याला माहीत होतं किंवा असायला हवं होतं, त्याचं खापर ग्राहकावर फोडता येणार नाही. आज मधुमेह असलेला कुणी आरोग्य विम्याचा अर्ज भरतो, तेव्हा ‘खरं ते लिहा’ असं ब्रोकर बजावतो, ते याच तत्त्वाच्या जोरावर.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनाही जोखमीचं हे गणित ठाऊक होतं. जोखमी हुंडीचे पैसे माल बंदरात सुखरूप पोचला तरच द्यायचे. गलबत बुडालं, तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. एकाच कागदात पैशांची देवघेव आणि विमा!

ब्रोकरच्या परीक्षेनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं खरं मोल मला इथे दिसतं. ते हाती आलेला माणूस आगीआधी त्या कापडाच्या दुकानात शिरतो, तेव्हा ठाणांमागची जुनी वायरिंग पाहतो, माळ्यावरचा माल मोजतो, दिवाळीआधी साठा किती वाढतो ते विचारतो. मग एकच प्रश्न टाकतो, “शेटजी, आज दुकानात एकूण किती लाखांचा माल आहे?”

त्याचं खरं उत्तर पॉलिसीत उतरलं असतं, तर त्या रात्रीचे 2 लाख वाचले असते.