पांढऱ्यात परत घातलेलं लोखंड

रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडच्या आसपास किनाऱ्यावरून चालताना वाळूत काळे पट्टे दिसतात. लाटेबरोबर हलकी वाळू वाहून जाते, जड कण मागे राहतात आणि वर्षानुवर्षं एकाच जागी साठत जातात. या काळ्या कणांत इल्मेनाइट नावाचं खनिज असतं. आपण दिवाणखान्यासाठी जो मऊ, सायीसारखा पांढरा रंग निवडतो, त्याचं मूळ अशाच काळ्या वाळूत आहे.

कॉर्नवॉल या इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या परगण्यात विल्यम ग्रेगर नावाचे एक धर्मगुरू होते. खनिजं तपासण्याचा त्यांना नाद. 1791 मध्ये ओढ्यातली काळी वाळू तपासताना त्यांना लोखंडाबरोबर एक अनोळखी धातू असल्याचं कळलं. चार वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट यांनी त्याला टायटॅनियम हे नाव दिलं. त्या धातूपासून पांढरा रंग करायचं मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत राहिलं. नॉर्वे आणि अमेरिकेत त्याचे कारखाने निघाले आणि तोवर वापरात असलेला शिशाचा विषारी सफेदा हळूहळू मागे पडला. आपल्याकडे केरळात चवरा इथल्या किनाऱ्यावर या वाळूचा मोठा साठा आहे आणि तिथेच तिच्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड बनवतात.

इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम आणि लोखंड एकाच स्फटिकात घट्ट बसलेले असतात. त्यांना वेगळं करायला गंधकाम्ल वापरावं लागतं किंवा तापलेला क्लोरीन वायू. कारखान्याची निम्मी मेहनत लोखंड हाकलण्यात जाते, कारण त्याचा नुसता माग राहिला तरी पांढऱ्यावर पिवळट झाक येते. एवढं करून शुभ्र झालेली पूड रंगाच्या डब्यात जाते, डबा आपल्या गावातल्या दुकानात येतो, आणि आपण तिथे सांगतो, ‘थोडा क्रीम करून द्या.’ मग दुकानदार टिंटिंग मशीनखाली डबा ठेवतो आणि मशीन त्यात काही थेंब सोडतं. त्यातला मुख्य थेंब असतो यलो ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाचाच. एवढा खटाटोप करून जे बाहेर काढलं, तेच पैसे मोजून आपण परत आत घालून घेतो. गंमत इथेच संपत नाही. गंधकाम्लाच्या पद्धतीत मागे उरणारं हिराकस हे लोखंडी पिवळे-तांबडे रंग बनवायलाही वापरतात.

मुळात ती पूड पांढरी तरी कशी? शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइडचा एकेक स्फटिक पारदर्शक, जवळजवळ रंगहीन असतो. पण तो प्रकाश विलक्षण वाकवतो. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.4, तर रुटाइल या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाचा सुमारे 2.7. रंगात कणांना धरून ठेवणाऱ्या भोवतालच्या रेझिनचा जेमतेम दीड. त्यामुळे प्रकाश रंगाच्या थरात शिरला की प्रत्येक कणापाशी दिशा बदलतो, या कणावरून त्या कणावर जातो आणि शेवटी सगळ्या रंगछटांसह बाहेर फेकला जातो. कणाची जाडी ठेवतात 0.2 ते 0.3 मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास. केसाच्या जाडीत असे दोन-तीनशे कण ओळीने बसतील.

दुधातही हेच चालतं. पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे आणि केसिनचे कण प्रकाश विखुरतात म्हणून दूध पांढरं दिसतं. आता गायीचं आणि म्हशीचं दूध शेजारी ठेवून पाहा. गायीच्या दुधाच्या स्निग्धात बीटा-कॅरोटीन राहतं, म्हणून तिची साय पिवळसर. म्हैस त्याचं जवळजवळ सगळं जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंफेक. शेडकार्डावर जे क्रीम, आयव्हरी वगैरे नावांनी येतं ते गायीचं, आणि ‘सुपर व्हाइट’ छापाचं सगळं म्हशीचं. विखुरणारे कण दोन्हीकडे असतात. फरक असतो तो निळा प्रकाश किंचित गिळणाऱ्या एका पाहुण्याचा.

आपल्या मागच्या पिढ्यांनी नेमकं उलट केलं. दिवाळीआधी चुना विरवायचा, तो भिंतीला धरावा म्हणून त्यात डिंक नाहीतर खळ घालायची, आणि वर चिमूटभर नीळ. कुंचा फिरवला की भिंत आधी ओली, मळकट दिसायची, कारण चुन्याच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असायच्या. पाणी उडून तिथे हवा आली की भिंत उजळायची. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा चुनखडी व्हायचा. यात निळीचं काम मला सगळ्यात अद्भुत वाटतं. नीळ घातल्याने भिंतीवरून परत येणारा एकूण प्रकाश कमी होतो, तरी डोळ्यांना ती भिंत जास्त पांढरी वाटते! पिवळी झाक मारली गेली की थोडा अंधार डोळे खुशाल खपवून घेतात. निळसर म्हणजे स्वच्छ, हा हिशेब आपल्या डोक्यात असा पक्का बसला आहे. म्हणूनच क्रीम रंग काढायचं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जुनाट दिसेल.’

ही भीती अगदीच खोटी नाही. दारा-खिडक्यांचा पांढरा ऑइलपेंट काही वर्षांत खरंच पिवळा पडतो, आणि उन्हात नव्हे, अंधारात! कपाटामागे, तसबिरीखाली तो जास्त पिवळतो. चौकटी पांढऱ्या आणि भिंती क्रीम अशी जोडी आज केली, तर पुढे दोन्ही एकमेकांच्या जवळ येणार हे गृहीत धरावं. पण तेलाचा तो म्हातारा पिवळेपणा वेगळा आणि लोखंडी ऑक्साइडची झाक वेगळी. ऑक्साइड ऊन-पाऊस-काळ कशालाच बधत नाही. कोकणातला जांभा ज्याच्यामुळे पिवळा-तांबडा असतो, तेच हे द्रव्य. चांगल्या क्रीम रंगात नुसता पिवळा थेंब नसतो. एकट्या पिवळ्याने भिंत लिंबासारखी कडक होते. ऊब यावी म्हणून थोडं लाल ऑक्साइड लागतं, आणि बऱ्याचदा कणभर काळाही. पांढऱ्यात काळा ऐकून दचकायला होतं, पण पिवळ्याचा हट्ट तोच मोडतो.

तरीही शेडकार्डावर गोड दिसलेला रंग खोलीभर लागला की कस्टर्डासारखा का होतो? रंगाऱ्याला बोल लावण्याआधी थोडं गणित करू. समजा भिंत पिवळ्या प्रकाशाचे शंभरातले 88 किरण परत पाठवते आणि निळ्याचे 75. कार्डावरचा तुकडा पाहताना प्रकाश एकदाच आपटून डोळ्यांत येतो. खोलीत मात्र तो या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो. तीनदा आपटला की पिवळे उरतात 68 आणि निळे 42. चार भिंती एकमेकींना रंगवतात. म्हणून माझा कौल सरळ आहे: कार्डावर जो क्रीम आवडेल त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या फिका घ्या. तिथे तो नुसता पांढरा वाटेल. वाटू द्या.

दुसरा भागीदार दिवा. खोक्यावर 6500 के लिहिलेला एलईडी निळसर प्रकाश देतो, 2700 किंवा 3000 केचा पिवळसर. एकच भिंत पहिल्याखाली विटलेली आणि दुसऱ्याखाली मधाळ दिसते. आपल्याकडे दुकानदार विचारल्याशिवाय 6500च हातात देतो. रंग बदलण्याआधी दिवा बदलून बघणं फार स्वस्त पडतं.

आणि ऊन. परदेशी पुस्तकांतून आलेला सल्ला म्हणतो की उत्तरेची खोली थंड, निळसर उजेडाची. पन्नास अंश अक्षांशावर ते खरं आहे. सबंध महाराष्ट्र मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. मेमधल्या सकाळी-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. पुढे पाऊस लागला की दिशांना फारसा अर्थ उरत नाही. सगळा उजेड ढगांचा करडा, आणि खिडकीबाहेर झाड असेल तर हिरवा. पश्चिमेच्या खोलीला पाच वाजताचं ऊन फुकटात केशरी करतं, तिथे पिवळा थेंब सगळ्यात कमी लागतो.

जमिनीलाही विचारावं लागतं. हिरवट कोटा, करडी शहाबादी, लालचुटुक कोबा, प्रत्येक जण आपला रंग वर फेकतो. शिवाय शेजार. पॅरिसमधल्या गोब्लँ या पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई सांभाळणारे शेव्हरोल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका वाटतो. धाग्यात खोट नव्हती; शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. त्यातून त्यांनी 1839 मध्ये रंगांच्या शेजारधर्मावर जाडजूड ग्रंथ लिहिला. निळसर पांढऱ्या चकचकीत फरशीशेजारी क्रीम भिंत जास्त पिवळी दिसते, ती याच न्यायाने. रंगातली लपलेली झाक शोधायची तर नमुन्याशेजारी कोरा कागद धरा, लगेच उघडी पडते. फक्त एवढं लक्षात ठेवा की छपाईच्या कागदात अतिनील किरणांचा निळा प्रकाश करणारी रसायनं असतात, त्याच्यापुढे सगळेच क्रीम थोडे जास्त पिवळे ठरतात.

नमुना जुन्या भिंतीवर लावू नका, मागचा रंग डोळ्यांना फसवतो. मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर प्रायमर आणि दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. मग तो प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा. कौल रात्रीचा माना, कारण नोकरदार घरं आपल्या भिंती जास्त करून दिव्यातच पाहतात.

शेवटची गोष्ट दुकानातली. फिक्या रंगात थेंबाचा अंशही मोजावा लागतो, म्हणून दोन डब्यांत फरक पडू शकतो. पूर्ण खोलीचा रंग एकदम घ्या, मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, आणि झाकणावर चिकटवलेला सूत्राचा कागद फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी पोपडा निघाला की नुसतं ‘क्रीम’ म्हणून भागणार नाही.