भुरीचं घड्याळ

सकाळी साडेपाच. भुरीची कुईकुई सुरू व्हायच्या आत मला उठायचं असतं. भुंकल्यावर दार उघडतं, हे पिल्लू एका सकाळीत शिकतं आणि विसरायला पुढे कित्येक दिवस घेतं. क्रेट उघडला की तिला थेट कडेवर घेऊन गच्ची गाठायची. चालवत नेलं तर ती जिन्यातच बसेल. तीन महिन्यांचं देशी पिल्लू आहे. वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते शू धरू शकतं, असा ढोबळ हिशेब सांगतात. पण तो झोपेतला. खेळताना अर्धा तासही पुष्कळ झाला. लसींचा कोर्स पुरा व्हायचाय, म्हणून रस्त्यावर तिचे पाय टेकवत नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. गच्चीवरच्या आमच्या वाफ्याकडे दुसरं कुत्रं येत नाही. काम झालं की तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा तुकडा. घरात येऊन दिला, तर तो घरात आल्याबद्दल मिळाला असं ती समजेल.

सात. खाणं क्रेटमध्येच, दार सताड उघडं. वाटी अगदी आत, मागच्या बाजूला. खाल्ल्यावर आतडी हलतात, म्हणून दहा-वीस मिनिटांत पुन्हा गच्ची.

नऊ. माझं हिशेबाचं काम सुरू, भुरी क्रेटमध्ये. तिला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा जाळी लावून ठेवली आहे. क्रेट फार मोठा असला की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. पण त्याहून लहान नको. जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. आत जुन्या साडीची गोधडी. तीन बाजूंना चादर, चौथी पंख्याकडे. गळपट्टा काढलेला, गजात अडकायला नको.

पावणेदहाला भुंकणं सुरू होतं. इथे कान द्यावा लागतो. नुकतीच गच्चीवरून आलेली, पोट भरलेलं, आवाज सपाट आणि मध्ये थांबून माझ्याकडे बघणं: हे बोलावणं आहे. मी वळत नाही, रागावतही नाही, कारण रागावणंही तिच्या लेखी लक्ष देणंच. ती गप्प होते, मी मनात पाच मोजते, मग उठून जाळीतून खाऊ देते. उद्या दहा मोजेन. झोपेतून उठून अचानक कुईकुई, गोल गोल फिरणं, जमीन हुंगणं: हे शूचं. तेव्हा थांबायचं नसतं. तिसरा प्रकार भुरीत नाही, पण ओळखता यायला हवा: लाळ गळणं, धापा टाकणं, गज चावून हिरड्या रक्तबंबाळ करणं. ती भीती आहे. अशा कुत्र्यासाठी क्रेट चुकीचा. त्याला डॉक्टरांकडे न्यावं, दार लावू नये.

सव्वाअकरा. खेळता खेळता जेवणाच्या टेबलाखाली शू. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. ‘अगं, नाक घास तिचं त्यात, एकदाच पुरतं.’ म्हटलं, ‘काकू, त्याने ती शू करायची थांबत नाही, माझ्यासमोर करायची थांबते. मग पलंगाखाली लपून करेल, आणि गच्चीवर माझ्यापुढे करायलाही घाबरेल.’ काकूंना ते पटलं असावं; त्यांनीच टिश्यू पुढे केले. डाग टिपून एन्झाइमवालं क्लीनर ओतलं. फिनेल नको, ते पिल्लांना विषारी. शिवाय फिनेलच्या उग्र दरवळाखाली तिच्या नाकाला शूचा वास येतच राहतो आणि ती तिथेच परत बसते. थेंब थेंब, वारंवार शू होत असती, तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवून लघवी तपासून घेतली असती.

दुपारी झोप. या वयाची पिल्लं दिवसाकाठी अठरा-वीस तास झोपतात. न झोपलेलं पिल्लू चावरं आणि भुंकरं होतं. पाणी मात्र दिवसभर समोर. शू होऊ नये म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडणं मला क्रूर वाटतं.

सहा. एकटं राहण्याचा सराव. रबरी खेळण्यात दही भरून गोठवलेलं असतं. ते आत ठेवायचं, दार लावायचं, चपला घालायच्या, कुलूप वाजवायचं, जिन्यात उभं राहायचं आणि ती चाटत असतानाच परतायचं. आज दही संपायच्या आत दोनदा खाली जाऊन आले.

साडेदहा. शेवटची गच्ची. क्रेट माझ्या पलंगाशेजारी, म्हणजे तिला माझा श्वास ऐकू येतो आणि मला तिची चुळबुळ.

रात्री अडीच. गजर. दिवा न लावता, न बोलता वर. शू झाली की हळू आवाजात शाबासकी, खेळ नाही, थेट क्रेट. गेल्या काही रात्री गोधडी कोरडी आहे आणि गजर झाला तरी तिला जागं करावं लागतं. उद्या तो तीनला लावते.