तारीख, वेळ आणि यंत्राचें वाचन

न्यूयॉर्कला राहणाऱ्या मुलानें पुण्यास आईवडिलांना कळविलें आहे असें समजावें : सूनबाईंची शस्त्रक्रिया ०३/०४/२०२४ या दिवशीं ठरली आहे ; त्याच्या आधीं दोन दिवस येऊन पोहोंचावें. पुण्याच्या घरांत ही तारीख ३ एप्रिल अशीच वाचली जाणार. कारण येथें आधीं दिवस, मग महिना आणि शेवटीं वर्ष असा क्रम आहे. अमेरिकेंत मात्र महिना आधीं लिहितात. तेथील रुग्णालयाच्या दृष्टीनें तो दिवस ४ मार्चचा. दोन्ही पक्ष शिकलेले, दोघांनींहि नीट वाचलेलें, आणि तरीहि मध्यें तब्बल तीस दिवसांचें अंतर !

मुलानें ०४/१३ असें लिहिलें असतें, तर हा तेरावा महिना म्हणींतला कीं पंचांगांतला, असा प्रश्न पुण्यांत तत्काळ उठला असता आणि चूक उघडकीस आली असती. ज्या तारखांत दिवस व महिना हे दोन्ही आंकडे बारापर्यंतचेच असतात, त्याच खऱ्या फसव्या. अशा तारखा वर्षांत १४४ येतात. त्यांपैकीं १/१, २/२ अशा दोन्ही रीतींनीं सारख्याच वाचल्या जाणाऱ्या १२ वजा केल्या, म्हणजे १३२ उरतात. वर्षाच्या एकतृतीयांशाहून अधिक दिवस असे दुतोंडी आहेत.

माणसाला निदान शंका येऊं शकते. संगणकाला ती येत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तारीख ही प्रथम केवळ अक्षरांची एक ओळ असते. त्या ओळींतून वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट हे घटक वेगळे काढून त्यांचा अर्थ लावणें हें त्याचें वाचन. आणि मनांत धरलेला अर्थ पुन्हां अक्षरांत मांडणें हें त्याचें लेखन. हीं दोन कामें वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु बँकेचे हप्ते, आगगाडीचें आरक्षण, औषधाच्या मात्रा आणि वारसाहक्काचे कागद आज यांच्यावरच उभे आहेत. वाचनाचा नियम एक आणि लेखनाचा दुसरा असला, तर यंत्र कोणतीहि कुरकूर न करतां चुकीचें उत्तर देतें.

हा गोंधळ टाळण्यासाठीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १९८८ सालीं ‘आयएसओ ८६०१’ या नांवाचें प्रमाण प्रसिद्ध केलें. पुढें २०००, २००४ आणि २०१९ या सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्याचें मूळ तत्त्व अगदीं साधें आहे : मोठ्या मापाकडून लहान मापाकडे जावें. आधीं चार आंकडी वर्ष, मग दोन आंकडी महिना, मग दोन आंकडी दिवस, आणि मध्यें आडव्या रेघा. ४ मार्च २०२४ ही तारीख या रीतीनें २०२४-०३-०४ अशी होते. एक आंकडी संख्येमागें शून्य लावण्याची सक्ती आहे, ती उगीच नव्हे. सर्व ओळी सारख्या लांबीच्या झाल्या, कीं त्या कोशांतल्या शब्दांप्रमाणें क्रमानें लावल्या तरी आपोआप कालक्रमानेंच लागतात. चार आंकडी वर्षाचें महत्त्व तर २००० साल उजाडण्यापूर्वीं सर्व जगाला कळून चुकलें. वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे ठेवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या ‘००’ चा अर्थ १९०० असा करतील, या भीतीनें त्या दुरुस्त करण्यावर तेव्हां अपार पैसा खर्च झाला.

मात्र या प्रमाणानें मुभाहि पुष्कळ ठेवल्या आहेत. रेघा गाळून लिहितां येतें, महिन्याऐवजीं आठवड्याचा क्रमांक देतां येतो, वर्षांतला कितवा दिवस एवढेंच सांगूनहि भागतें. म्हणून इंटरनेटवरील देवघेवीसाठीं २००२ सालीं ‘आरएफसी ३३३९’ हा अधिक कडक नियम तयार झाला. त्यानें बहुतेक मुभा काढून घेऊन जवळजवळ एकच रूप शिल्लक ठेवलें. अनेक वाटा मोकळ्या ठेवण्यापेक्षां एकच वाट पक्की बांधणें यंत्राला अधिक मानवतें.

तारखेपुढें वेळ लिहावयाची झाल्यास दोहोंमध्यें रोमन लिपींतलें टी हें अक्षर येतें, आणि शेवटीं त्या ठिकाणचें घड्याळ जागतिक वेळेच्या किती पुढें वा मागें आहे तें लिहितात. न्यूयॉर्कची सकाळची साडेनऊची शस्त्रक्रिया ‘२०२४-०३-०४ टी ०९:३०:०० -०५:००’ अशी लिहिली जाते. प्रत्यक्षांत मध्यें मोकळी जागा नसते. शेवटच्या आंकड्यांचा अर्थ, तेथील घड्याळ जागतिक वेळेच्या पांच तास मागें आहे. भारतासाठीं याच जागीं +०५:३० येतें. हिशेब केला, कीं पुण्यांत तेव्हां रात्रीचे आठ वाजलेले असणार हें निश्चित होतें. हा शेवटचा तुकडा गाळला, तर ‘साडेनऊ’ म्हणजे कोठले साडेनऊ, याला उत्तरच उरत नाहीं.

आणि हें अंतर सर्वकाळ एकच असतें असेंहि नाहीं. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. परंतु मुंबई शहरांत तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेला ‘मुंबई टाइम’ कांहीं व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून होता. १९३० मधील एखाद्या मुंबईकराच्या जन्माची वेळ साडेदहा अशी टिपलेली असेल आणि घड्याळ मुंबई टाइमचें असेल, तर प्रमाण वेळेनें तेव्हां ११ वाजून ९ मिनिटें झालीं होतीं. पुढें महायुद्धाच्या काळांत, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, देशांतील प्रमाण घड्याळें आणखी एक तास पुढें नेण्यांत आलीं होतीं. १९४३ सालीं जन्मलेल्या आजोबांची पत्रिका आज संगणकावर मांडतांना आज्ञावलीनें डोळे मिटून +०५:३० धरलें, तर सबंध एका तासाची चूक पडते. लग्नराशि सरासरी दोन तासांनीं बदलते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पत्रिका मानणाऱ्या घरांत या एका तासाचें मोल किती, हें सांगणें नको. असे ऐतिहासिक फेरफार नोंदून ठेवणारा एक कोश आर्थर डेव्हिड ओल्सन यांच्या पुढाकारानें तयार झाला, आणि बहुतेक संगणक त्याचाच आधार घेतात. त्यांत भारतासाठीं ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. युद्धकालीन तास तिच्यांत सांपडतो. मुंबईचीं ३९ मिनिटें मात्र घरच्या माणसांनींच लक्षांत ठेवावीं लागतात.

अमेरिकेंत तर हा फेर दरवर्षीं दोनदां होतो. ३ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे न्यूयॉर्कचीं घड्याळें दोनांवरून पुन्हां एकावर आणलीं गेलीं, म्हणून त्या रात्रीं दीड दोनदां वाजला. त्या दिवशीं ‘पहाटे दीड वाजतां’ जन्मलेल्या नातवाची बातमी भारतीय घड्याळानें सकाळीं अकराची कीं दुपारीं बाराची, हें -०४:०० अथवा -०५:०० या शेपटावरूनच ठरतें. उलट, पुढें येणाऱ्या भेटीची नोंद करतांना एवढें शेपूट पुरत नाहीं. त्या स्थळाचें नांवहि जवळ ठेवावें लागतें. कारण मधल्या काळांत तेथील सरकारनें नियम बदलला, तर जुन्या अंतरावर बांधलेली वेळ खोटी ठरते.

येथें आणखी एक भेद ओळखला पाहिजे. जगांतील एक विवक्षित क्षण ही एक वस्तु, आणि दिनदर्शिकेवरील एक दिवस ही दुसरी. शस्त्रक्रियेचा आरंभ हा क्षण आहे. जन्मतारीख ही नुसती तारीख आहे, तिला घड्याळ नाहीं. ‘जावास्क्रिप्ट’ या बहुप्रचलित संगणकभाषेच्या जुन्या तारीख-सोयींत १९४७-०८-१५ एवढेंच लिहिलें, तर त्याचा अर्थ जागतिक वेळेची मध्यरात्र असा केला जातो. पुण्यांत ती त्याच दिवशीं पहाटे साडेपांचची वेळ होते, म्हणून तारीख बरोबर दिसते आणि येथील कारागीर निश्चिंत राहतो. तीच नोंद न्यूयॉर्कमध्यें उघडली, कीं तेथें आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि पडद्यावर १४ ऑगस्ट उमटतो. चूक घरीं दिसत नाहीं, परदेशीं दिसते. यावर उपाय एकच : जी वस्तु नुसती तारीख आहे तिला वेळ चिकटवूंच नये. २०१४ सालीं ‘जावा’ भाषेच्या आठव्या आवृत्तींत आलेल्या कालविषयक संचानें तारीख, स्थानिक वेळ, क्षण आणि कालावधि यांना स्वतंत्र घरें दिलीं, तीं याच जाणिवेनें.

कालावधीचें लेखन पी या अक्षरानें सुरू होतें. पुढें संख्या आणि तिच्यामागें मापाचें अक्षर येतें. महिना आणि मिनिट या दोहोंनाहि एम हेंच अक्षर असल्यानें घोटाळा झाला असता. तो टी या अक्षरानें टळतो. टी च्या आधींचा एम महिन्याचा, नंतरचा मिनिटाचा. ‘पी १ एम’ म्हणजे एक महिना आणि ‘पी टी १ एम’ म्हणजे एक मिनिट. एक अक्षर गळालें, तर मिनिटानें वाजावयाची औषधाची घंटा महिन्यानें वाजेल.

महिना आणि दिवस हीं मापें लवचिक आहेत, हेंहि विसरून चालत नाहीं. ३१ जानेवारी २०२४ मध्यें एक महिना मिळविला, तर बहुतेक संच २९ फेब्रुवारी हें उत्तर देतात. त्यांत पुन्हां एक महिना मिळविला कीं २९ मार्च येतो. पण मूळ तारखेंत एकदम दोन महिने मिळविल्यास ३१ मार्च येतो. म्हणून कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा मागच्या हप्त्यावरून न काढतां नेहमीं पहिल्या तारखेवरून काढाव्या. दिवसाचेंहि तसेंच. ९ मार्च २०२४ च्या रात्रीं आठ वाजतां न्यूयॉर्कमध्यें एक मात्रा घेतली आणि पुढची ‘एका दिवसानें’ घेतली, तर ती रात्रीं आठलाच येते. ‘चोवीस तासांनीं’ घेतली तर नऊला येते, कारण त्या पहाटे तेथील घड्याळें एक तास पुढें गेलीं होतीं. यांतील कोणतें हवें हें डॉक्टरच सांगणार. यंत्रानें मनानें ठरवूं नये.

लेखनांतील एक लहानशी गफलतहि प्रसिद्ध आहे. आयएसओच्या गणनेंत आठवडा सोमवारीं सुरू होतो, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यांत येतो तो पहिला आठवडा. त्या हिशेबानें सोमवार, ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत पडतो. जावा भाषेंत वर्ष दाखविण्याच्या सूचनेंत लहान लिपींतल्या वाय या अक्षराऐवजीं मोठ्या लिपींतलें वाय पडलें, तर हें ‘आठवड्याचें वर्ष’ छापलें जातें, आणि ३० डिसेंबर २०२४ ची पावती ३० डिसेंबर २०२५ ची होऊन बसते. ही चूक वर्षांतले बाकीचे सर्व दिवस दडून राहते आणि वर्षाच्या सांध्यावर तोंड वर काढते.

माणसांसाठीं लिहितांना मात्र प्रमाण रूपाचा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. मराठी घराला ‘सोमवार, ४ मार्च २०२४’ असेंच दिसावें. सरकारी राजपत्राप्रमाणें शके व फाल्गुनहि छापावा. आंतील नोंद एक असली, कीं बाहेरचीं रूपें कितीहि असोत. जपावयाचें तें एवढेंच, कीं दोन यंत्रांमधील देवघेव प्रमाण रूपांत व्हावी, आणि संशयास्पद ओळ आली तर यंत्रानें अंदाज न बांधतां ती परत करावी. ०३/०४ पाहून ‘हें कळलें नाहीं, पुन्हां लिहा’ असें म्हणणारी आज्ञावली क्षणभर त्रासदायक वाटेल. पण पुण्याच्या त्या आईवडिलांना शस्त्रक्रियेच्या आधीं दोन दिवस सुनेजवळ नेऊन पोहोंचविणारी तीच आहे.