एकवीस जखमा आणि कोरा रकाना

गेल्या वर्षी वर्षावासातल्या एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुने डिस्चार्ज बुक. "जयभीम वकीलसाहेब, हे जरा वाचा," एवढेच बोलले. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर शिपाई होते. पलटणीचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. पुस्तकात पदकांच्या रकान्यात पश्चिमी स्टार आहे, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल आहे. उजव्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा आजही बसलेला आहे. एक्स-रे काढला की नखाएवढा पांढरा ठिपका दिसतो. परंतु जखमांच्या रकान्यात काय लिहिले आहे? काहीच नाही. रकाना कोरा!

शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या जवानाला आपल्या देशात पराक्रम पदक, म्हणजे सैनिकांच्या बोलीत वुंड मेडल, मिळते. ते १९७३ साली सुरू झाले. ते पदक या गृहस्थांना मिळाले नाही आणि युद्धात जखमी झालेल्यांना जी वेगळी पेन्शन मिळते, तीही मिळाली नाही. आम्ही विचारले, "बाबा, इतकी वर्षे गप्प का बसलात?" ते म्हणाले, "सर्व्हिसमध्ये असताना साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, होईल. मग पोरांची शिक्षणं, लग्नं. आता पैशाचं सोडा. मला लागलं होतं की नाही, एवढं त्यांनी लिहून द्यावं."

आम्हाला त्या क्षणी हेन्री जॉन्सनची आठवण झाली. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, म्हणून त्याची हकिगत जरा सविस्तर सांगतो.

हेन्री जॉन्सन हा अमेरिकेतला काळा माणूस. न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी शहरात रेल्वे स्टेशनवर हमाली करायचा. १९१६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्यांची एक पलटण उभी राहिली, तीच पुढे ३६९ वी इन्फन्ट्री म्हणून ओळखली गेली. (त्याच १९१६ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून लंडनला निघाले. हार्लेम ही कोलंबियाच्या शेजारचीच वस्ती.) पहिल्या महायुद्धात ही पलटण फ्रान्सला गेली. पण गोऱ्या अमेरिकन सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून काळ्यांनी लढायचे, हे अमेरिकन सैन्याला पचणारे नव्हते. अख्खी पलटण फ्रेंच सैन्याच्या ताब्यात देऊन टाकली. आपली माणसे परक्याला देऊन टाकायची, पण पंगतीला बसवायची नाहीत! हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही.

१९१८ च्या मे महिन्यात, १४ आणि १५ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे पहाऱ्यावर असताना जर्मनांच्या टोळीने हल्ला केला. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जर्मन त्याला उचलून नेऊ लागले. जॉन्सनजवळच्या गोळ्या संपल्या तेव्हा त्याने बंदुकीच्या दस्त्याने मारले, मग बोलो सुरा काढला आणि सोबत्याला सोडवले. अंगावर एकवीस जखमा. फ्रान्सने आपले क्रॉ द गेर हे शौर्यपदक त्याला दिले. १९१९ च्या फेब्रुवारीत पलटण परतली तेव्हा न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर मिरवणूक निघाली आणि जॉन्सन उघड्या मोटारीत उभा होता. सरकारने युद्धनिधीची तिकिटे खपवण्यासाठी त्याचे नाव वापरले.

आणि त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर जखमांबद्दल काय होते? आमच्या हवालदार बाबांच्या पुस्तकात जे आहे तेच. एकवीस जखमांपैकी एकीचीही नोंद नव्हती!

ज्याच्या चेहऱ्यावर सरकारने पैसा उभा केला, त्याच माणसाला कागद सांगत होता की तुला काही झालेच नाही. पायात धातूची पट्टी घातलेला माणूस हमालीचे जुने काम कसे करणार? १९१९ मध्येच सेंट लुइस शहरात भाषण करताना गोरे सैनिक काळ्यांशी कसे वागले हे तो स्पष्ट बोलला, त्यानंतर त्याची व्याख्यानेही बंद पडली. १९२७ साली त्याला कायमचे अपंगत्व मंजूर झाले खरे, पण ते क्षयरोगासाठी. १९२९ च्या जुलैमध्ये तो गेला. त्याला कुठे पुरले हेही आल्बनीत कोणाला नीट माहीत नव्हते. बेवारशांच्या जागेत पुरले असावे, असा समज होता. २००२ साली उघड झाले की तो आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत आहे.

मग हा रकाना भरला कोणी? आल्बनीतल्या माजी सैनिकांनी. त्यांत व्हिएतनामच्या युद्धात लढलेले होते. त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९९६ साली जखमी सैनिकांचे पर्पल हार्ट मिळाले, मरणानंतर ६७ वर्षांनी. पुढे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. सर्वोच्च असे मेडल ऑफ ऑनर मात्र अडले, कारण त्या काळचा लष्करी पुरावा हवा होता. तो २०११ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातील लोकांनी जुन्या दप्तरांतून शोधून काढला: सोबत्याचे पत्र आणि अमेरिकन फौजेचे प्रमुख जनरल पर्शिंग यांचा मे १९१८ चा अहवाल. म्हणजे सरसेनापतीच्या कागदात शौर्य लिहिलेले होते आणि डिस्चार्जच्या कागदात जखमही नव्हती! दोन्ही कागद एकाच सैन्याचे. त्यानंतर मुदत उलटून गेल्यामुळे संसदेला कायद्यात खास सूट द्यावी लागली. २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी पदक दिले, ते घ्यायला रक्ताचा वारस सापडला नाही. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरने ते स्वीकारले.

कहाणी इथे संपली असती तर बरे झाले असते. २०२३ मध्ये लुइझियानातील फोर्ट पोक या लष्करी तळाला जॉन्सनचे नाव दिले गेले. हा पोक गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचा जनरल. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने जॉन्सनचे नाव काढून पुन्हा पोक आणले. आता म्हणे हा पोक दुसरा, दुसऱ्या महायुद्धातला. आडनाव तेवढे जुने ठेवायचे होते, त्यासाठी माणूस नवा शोधला!

जॉन्सन एकटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात एकाही काळ्या सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. १९९३ साली सैन्याने शॉ विद्यापीठाकडे अभ्यास सोपवला आणि १९९७ च्या जानेवारीत क्लिंटन यांनी सात जणांना ते दिले. त्यांतला व्हर्नन बेकर तेवढा जिवंत होता.

हे सर्व आम्ही का सांगतो आहोत? कारण आपली चळवळच मुळी अशा अर्जांतून उभी राहिली आहे. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्या अर्जांचा आधार एकच होता, आमच्या लोकांनी सैन्यात चाकरी केली आहे. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' या शेवटाची २२ नावे कोरलेली आहेत, म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे उभे राहून बोलू शकले. नावे दगडात होती, कारकुनाच्या वहीत असती तर? आणि १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठीच.

हवालदार बाबांच्या बाबतीत कोणी जात पाहून रकाना कोरा ठेवला, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय बोलणे आमच्या पेशाला शोभत नाही. आळस हेही कारण असू शकते. मात्र कोणाच्या बाबतीत आळस केला तर चालून जातो, हे कारकुनाला बरोबर ठाऊक असते.

आता कायद्याचे. अमेरिकेत डिस्चार्जच्या कागदाला डीडी २१४ म्हणतात, दुरुस्ती डीडी २१५ वर होते आणि १९४६ च्या कायद्याने नोंदी दुरुस्त करणारी मंडळे आहेत. १९७३ मध्ये सेंट लुइसच्या दप्तरखान्याला आग लागून लाखो सैनिकांचे कागद जळाले, तरी इतर कागदांवरून नोंदी पुन्हा जुळवल्या जातात. आपल्याकडे आग न लागताही कागद सापडत नाहीत. आपल्या माजी सैनिकाने आधी आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे स्पीड पोस्टाने अर्ज करायचा. सहा महिन्यांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर झाल्यास तो माफ करण्याची विनंती करता येते. "आता फार उशीर झाला" असे सांगणाऱ्या बाबूला तरसेम सिंग खटल्याचा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा: पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो, त्यामुळे उशिरा आलेल्यालाही दाद मिळते, मागची थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरतीच. जितके दिवस घरी बसाल तितके पैसे बुडतील, हा त्याचा व्यवहारी अर्थ.

खरी किल्ली आहे पार्ट टू ऑर्डर. जवान जखमी झाला, दवाखान्यात गेला, रजेवर गेला, प्रत्येक गोष्ट पलटण या आदेशात छापते आणि त्यावरून सर्व्हिस बुकात नोंद चढते. म्हणून डिस्चार्ज बुक घेऊन हुज्जत घालण्यापेक्षा माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून त्या महिन्याच्या पार्ट टू ऑर्डरची आणि दवाखान्याच्या कागदांची प्रत मागावी. सोबती हयात असतील तर त्यांची प्रतिज्ञापत्रे आजच करून ठेवावीत. माणसे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरात असे पुस्तक पडून आहे, त्यांनी प्रत्येक पानाची, मागच्या कोऱ्या पानाचीसुद्धा, झेरॉक्स काढून आम्हाला दाखवावी. फी नाही.

आम्ही बाबांसाठी हेच केले. पहिल्या अर्जाला उत्तर आले की नोंद आढळत नाही. अपील केले. मग डिसेंबर १९७१ च्या एका आदेशाची फिकट प्रत आली. त्यात बाबांचे नाव आहे, शिपाई हा हुद्दा आहे, पुढे 'बॅटल कॅज्युअल्टी' असे स्वच्छ टाइप केलेले आहे. नंबर मात्र एका आकड्याने चुकलेला. सहाच्या जागी आठ.

दुरुस्तीचा अर्ज गेला आहे. सहा महिने येत्या पंधरवड्यात पूर्ण होतील, ट्रायब्युनलची कागदपत्रे तयार आहेत. प्रत दाखवली तेव्हा बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि विचारले, "ज्याचा तो नंबर आहे, त्याच्या बुकात माझी जखम चढली असेल काय?" त्या नंबराच्या जवानाबद्दल आम्ही माहिती मागितली होती. त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून ती नाकारण्यात आली.