इंटरनेट गेले तरी रेकॉर्डिंग चालूच राहते

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात आता घरादारावर, दुकानावर कॅमेरे दिसतात. त्यांबरोबर एक गैरसमजही पसरला आहे: इंटरनेट नसेल तर चित्रण होत नाही. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) म्हणजे घरातली कणगी आणि इंटरनेट म्हणजे घराकडे येणारा रस्ता. रस्ता बंद झाला तरी कणगीतले धान्य जागेवरच असते. कॅमेऱ्याची वायर थेट डीव्हीआरला जोडलेली असते आणि चित्रण आतल्या हार्ड डिस्कवर (साठवणीच्या तबकडीवर) उतरते. इंटरनेट लागते ते दूरवरून मोबाइलवर पाहण्यापुरते.

मोबाइलवर चित्र दिसत नाही, मग रेकॉर्डिंगही बंद असणार, अशी शंका येते. पेटीला टीव्ही जोडून मागचे चित्रण लावले की ती फिटते. मात्र केवळ क्लाउडवर (कंपनीच्या दूरच्या संगणकावर) साठवणाऱ्या वाय-फाय कॅमेऱ्यांना इंटरनेट लागतेच. खरेदीआधी हे विचारावे. खरा धोका वीज जाण्याचा आहे. वीज गेली की कॅमेरा आणि पेटी दोन्ही थांबतात, म्हणून दोन्हींना इन्व्हर्टरची जोड हवी. हार्ड डिस्कवरची जागाही मोजकीच असते. दर सेकंदाला 2 मेगाबिट या वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी जागा घेतो. चार कॅमेऱ्यांत 1 टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि मग सर्वांत जुने चित्रण पुसले जाते. त्यामुळे घटना घडल्यावर हवा तो भाग लगेच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा.