फाटक नसलेलं स्टेशन: बर्लिनमधला एक दिवस, एक तिकीट

आजचा भाग एका तिकिटाविषयी आहे. बर्लिनमध्ये मी एक अख्खा दिवस ट्रॅम, लोकल, बोट आणि बस एवढ्यावरच काढला, आणि या सगळ्याला मिळून एकच तिकीट लागलं. ते कसं, आणि त्याची दुसरी बाजू काय, तेवढंच आज सांगते.

बर्लिनच्या स्टेशनवर पहिल्यांदा गेलेला माणूस आत जायचं फाटक शोधत राहतो. ते नसतंच. जिना उतरलात की थेट फलाट. डोंबिवली-ठाण्याच्या माणसाला याचं नवल वाटणार नाही, आपली लोकल याच जातीची. पण जमिनीखालच्या मेट्रोलाही फाटक नाही म्हटल्यावर अंधेरीला मेट्रो पकडणारासुद्धा जरा थबकेल.

तिथलं तिकीट गाडीचं नसतं, वेळेचं आणि विभागाचं असतं. शहराचे विभाग केलेत. मधे लोकलचा एक गोल मार्ग आहे, साधारण 37 किलोमीटरचा. त्याच्या आतला तो ए. तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी. हद्दीबाहेरचं पॉट्सडॅम आणि विमानतळ सी मध्ये. ए-बी चं एकेरी तिकीट दोन तास चालतं. त्यात ट्रॅममधून उतरून लोकल घ्या, लोकलमधून बस घ्या, पुन्हा पैसे नाहीत. फक्त त्याच तिकिटावर उलटं परत यायचं नाही. ट्रॅम आणि मेट्रो एका कंपनीची, लोकल दुसरीची. पण भाडं सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पैसे आपसात वाटून घ्यायचे. हा प्रकार हॅम्बुर्गने 1965 मध्ये सुरू केला, मग देशभर पसरला. आपल्याकडे लोकल, बेस्ट, मेट्रो यांचे हिशेब आपापले, त्यामुळे गाडी बदलली की खिशात हात जातो.

मी 24 तासांचं कागदी तिकीट घेतलं. ते नुसतं विकत घेऊन भागत नाही. फलाटावर किंवा बसमध्ये एक छोटी पेटी असते, तिच्यात सरकवून त्यावर तारीख-वेळेचा ठसा मारायचा. मुंबईत पूर्वी लोकलची कूपनं मशीनमध्ये घालून छापून घ्यायचो ना, अगदी तसं! या पेटीच्या जर्मन नावाचा अर्थ आहे ‘किंमत काढून घेणारी’. ठसा नसेल तर ते तिकीट अजून वापरायचं शिल्लक आहे, म्हणजे तुम्ही विनातिकीट.

सकाळी एम-10 ट्रॅम घेतली. ती बेर्नाउअर रस्त्यावरून जाते. तिथे भिंतीचा एक तुकडा जपून ठेवलाय. बर्लिनमध्ये ट्रॅम मुख्यतः पूर्वेकडे दिसतात, कारण पश्चिम बर्लिनने आपली शेवटची ट्रॅम 1967 मध्ये बंद केली. वाहतुकीच्या नकाशात फाळणी अजून अशी शिल्लक आहे.

नोर्डबानहोफला उतरले आणि तासभर तिथेच रमले. शहर दुभंगलं होतं तेव्हा पश्चिमेच्या काही गाड्या जमिनीखालून पूर्वेतून जाऊन पुन्हा पश्चिमेत निघायच्या. मधल्या स्टेशनांवर त्या थांबत नसत, फक्त हळू व्हायच्या. अंधुक दिवे, विटांनी बंद केलेली दारं, फलाटावर पहारेकरी. लोक त्यांना भुताटकीची स्टेशनं म्हणत. नोर्डबानहोफ त्यातलंच एक, आणि आता वरच्या मजल्यावर याचंच प्रदर्शन आहे. फुकट आहे, जरूर बघा. खाली फलाटावर गेलं की आज गाडी येते आणि थांबते, दार मात्र आपण बटण दाबून उघडायचं.

त्याच बोगद्यातून जाणारी एस-1 पकडून वानझेकडे निघाले. वाटेत डब्यात दोघं जण चढले, अंगात साधी जाकिटं. दारं लागल्यावर त्यांनी गळ्यातली ओळखपत्रं पुढे केली. टीसी! आणि दोन पर्यटक पोरं सापडली. तिकिटं होती, ठसे नव्हते. त्यांनी समजावायचा खूप प्रयत्न केला. टीसी शांतपणे ऐकत होता आणि लिहीत होता. दंड 60 युरो, डोक्यागणिक.

फाटक नाही म्हणजे तिथे लोकांवर फार विश्वास आहे, असं कौतुक आपण ऐकतो. मला तो विश्वासापेक्षा हिशेब जास्त वाटतो. फाटकं बसवा, सांभाळा, रोज लाखो लोकांना त्यातून ढकला, त्यापेक्षा अधूनमधून तपासणी आणि जबर दंड स्वस्त पडतो. ज्याच्या खिशात 60 युरो आहेत त्याची सकाळ खराब होते, बस्स. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय? आपण ज्याला ‘विदाऊट’ म्हणतो तो जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. 1935 साली कायद्यात आलेलं कलम आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोर्ट बहुधा दंडच करतं. पण तो भरता आला नाही की त्याच्या बदल्यात तुरुंगात दिवस काढावे लागतात. 2024 च्या फेब्रुवारीपासून हे दिवस निम्मे केलेत, पण पद्धत तीच. फ्राइहाइट्सफाँड्स नावाचा एक उपक्रम 2021 पासून देणग्या जमवून असे दंड भरतो आणि माणसं बाहेर काढतो. दोन-चार युरोंच्या तिकिटावरून सुरू झालेली गोष्ट तुरुंगापर्यंत जाते. त्यापेक्षा मला मधे फाटक परवडलं असतं.

वानझेला स्टेशनसमोरच तळं. तिथून एफ-10 बोट सुटते, तळं ओलांडून क्लाडोव गावाला, वीसेक मिनिटं. पर्यटकांसाठीच्या महागड्या बोटी शेजारीच उभ्या असतात. ही मात्र सार्वजनिक वाहतूक, त्यामुळे तेच ए-बी तिकीट चालतं. बोटीत बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजी होत्या, सायकलवाले होते (सायकलीला वेगळं तिकीट लागतं बरं का), आणि वारा एवढा की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. दिवसातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच.

क्लाडोवहून एक्स-34 बसने झू स्टेशन, आणि तिथून 100 नंबरची दुमजली बस. ही 1990 मध्ये सुरू झाली, पूर्व-पश्चिम जोडायला. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळवा. विजयस्तंभ, संसद, उंटर डेन लिंडेनचा रस्ता, शेवटी अलेक्झांडरप्लाट्स. गाइड लागत नाही.

महिनाभर राहणार असाल तर हिशेब वेगळा. 2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने 9 युरोचा मासिक पास देऊन बघितला. मग मे 2023 पासून 49 युरोचं देशभर चालणारं तिकीट आलं, 2025 मध्ये ते 58 झालं आणि 2026 पासून 63. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून सगळं त्यात येतं. पण ते वर्गणीसारखं आहे, वेळेत बंद केलं नाहीत तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

आणि हो, 24 तास ठशाच्या वेळेपासून मोजतात. माझा ठसा सव्वानऊचा होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीपर्यंतची ट्रॅमही त्यातच झाली. भेटू पुढच्या भागात.