टॉमी जॉनचं कोपर

अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आलेली दिसेल. ती कंडरा. काहींना दिसणार नाही, कारण कित्येकांच्या हातात ती जन्मापासूनच नसते आणि त्यांचं काहीही अडत नाही. याच दोरीनं १९७४ मध्ये बेसबॉलमधल्या एका पिचरची कारकीर्द वाचवली.

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर. त्या मोसमात त्याच्या नावावर १३ विजय होते, पराभव फक्त ३. १७ जुलैच्या सामन्यात चेंडू टाकताना डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं. क्रिकेटच्या गोलंदाजाला वाकवलेलं कोपर झटक्यानं सरळ करता येत नाही. पिचर कोपरात वाकवलेला हात झटक्यानं उलगडतो आणि त्याचा मोठा ताण या एवढ्याशा पट्टीवर येतो. त्या काळी ती तुटली की पिचर संपलाच.

२५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातली कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून ती ओवली. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. पुढे कोपराजवळची नस दुखावून बोटं आखडली. डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया झाली. १९७५ चा अख्खा मोसम गेला. मला या माणसाचं सर्वांत मोठं वाटतं ते हेच वर्ष, ज्यात त्याच्या खात्यावर एकही सामना नाही.

१९७६ मध्ये तो परतला. दुसऱ्याच वर्षी २० विजय. पुढे यांकीज संघाकडून आणखी दोनदा विशीपार. एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे! थांबला तेव्हा १९८९ साल होतं आणि वय ४६.

आज 'टॉमी जॉन' हे आधी शस्त्रक्रियेचं नाव आहे. २०१८ मध्ये बेसबॉलपटू शोहेई ओहतानीनंही ती करून घेतली. पण २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत ही शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून अधिक मुलं १५ ते १९ वयाची निघाली. वर्षभर एकच खेळ, हाताला विश्रांती नाही. म्हातारपणी टॉमी जॉन याविरुद्ध कळकळीनं बोलू लागला: मुलांना काही महिने चेंडू खाली ठेवू द्या, दुसरे खेळ खेळू द्या. इंडियानातल्या टेरे होटच्या शाळेत तो स्वतः बास्केटबॉलही इतका छान खेळायचा, की कॉलेजांनी त्यासाठी त्याला शिष्यवृत्त्या देऊ केल्या होत्या.